पालथे झोपून सायकल चालवताना शरीराचे काय होते?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले हल्ली स्पर्धांसाठी मानवी शक्तीवर चालणारी वाहने बनवतात. बहुतेक वाहनांत चालक आरामखुर्चीत रेलावे तसा उताणा बसतो आणि पाय पुढे करून पॅडल मारतो. एखादा गट मात्र वेगळा विचार करतो: चालकाला पोटावर झोपवायचे, डोके पुढे, पाय मागे, आणि वरून बंद कवच. कागदावर ही कल्पना फार आकर्षक दिसते. मग घरी प्रश्न येतो, "आमचा मुलगा चालक आहे, त्याच्या मानेला किंवा छातीला काही होणार नाही ना?"

प्रश्न योग्य आहे. या प्रकारच्या सायकलीत चाके आणि गिअर यांच्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, अडसर शरीराचा असतो. पालथ्या स्थितीत मान, खांदे, पोट आणि नसा यांच्यावर काय ताण येतो हे भूलतज्ज्ञ, मणक्याचे सर्जन आणि अतिदक्षता विभागातील परिचारिका यांना रोजच्या कामातून चांगले माहीत असते. सायकल बनवणाऱ्याने ते आधीच विचारून घेतले तर बराच त्रास वाचतो.

पालथेच का झोपायचे?

सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. साध्या सायकलीवर वाकून बसलेल्या माणसाला ताशी ९० किलोमीटर वेग सपाटीवर टिकवायचा असेल तर २,००० वॅटहून अधिक शक्ती लागेल. चांगला तयारीचा खेळाडू काही मिनिटे ३०० ते ४०० वॅट देऊ शकतो. म्हणजे ताकद वाढवून हा प्रश्न सुटत नाही. हवेसमोर येणारा शरीराचा आकार लहान करणे आणि त्यावर गुळगुळीत कवच चढवणे हाच मार्ग उरतो. उताणे किंवा पालथे झोपणे त्यासाठी.

स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रॅम ओब्री याने पालथा मार्ग निवडला. हा गृहस्थ आधीपासूनच शरीराच्या ठेवणीबाबत प्रयोग करणारा. १९९३ मध्ये त्याने स्वतः बनवलेल्या, धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवलेल्या सायकलीवर एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला होता. त्या वेळी त्याने हात छातीखाली दुमडून घेतले होते. ती बसण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने बंद केली, तेव्हा त्याने हात पुढे ताणलेली पद्धत आणली. पुढे तीही बंद झाली.

२०१३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो अमेरिकेतील नेवाडा राज्यात बॅटल माउंटन येथे 'बीस्टी' नावाची सायकल घेऊन गेला. तिथे दर सप्टेंबरमध्ये एका सरळ, सपाट महामार्गावर अशा वाहनांच्या चाचण्या होतात. सुमारे ८ किलोमीटर धावत येऊन वेग पकडायचा आणि शेवटच्या २०० मीटरमध्ये तो मोजायचा. बीस्टीमध्ये ओब्री डोके पुढे करून पालथा झोपत असे. पाय गोल फिरवण्याऐवजी मागे-पुढे ढकलत असे, कारण गोल फिरणाऱ्या पायांना कवचात अधिक उंची लागते. बरेच भाग घरचेच होते. खांद्यांच्या आधारासाठी तर त्याने जुने सॉसपॅन वापरले होते. सुरुवातीला त्याचे ध्येय ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर होते. प्रत्यक्षात ५६.६२ मैल, म्हणजे ताशी सुमारे ९१ किलोमीटर वेग मिळाला. पालथ्या सायकलींमध्ये तो विक्रम ठरला. पण त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावर, नेदरलँड्सच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या सायकलीत सेबास्तियान बोविए ताशी १३३.७८ किलोमीटर वेगाने गेला, आणि तो उताणा होता.

या फरकाचे सगळे खापर पालथ्या स्थितीवर फोडणे बरोबर नाही. वय, साधने, सराव, कवचाचा दर्जा सगळेच वेगळे होते. पण उताण्या चालकाला जे फुकट मिळते, ते पालथ्या चालकाला एकेक करून मिळवावे लागते, हे खरे.

मान: सर्वांत मोठी अडचण

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. उभे असताना ते मणक्यांवर तोललेले असते, मानेच्या स्नायूंना फार काम पडत नाही. पालथे झोपून समोर पाहायचे म्हटले की हे वजन पुढे लोंबकळते आणि मानेच्या मागच्या स्नायूंनी ते सतत धरून ठेवावे लागते. वर ती मान मागे वाकवलेली हवी. शरीर पूर्ण आडवे असेल तर सरळ समोर पाहण्यासाठी मान आणि डोळे मिळून जवळपास ९० अंश वर वळावे लागतात. निरोगी तरुणाची मान मागे साधारण ६० ते ७० अंश वाकते. उरलेले डोळे वर फिरवून भागवायचे. वाढत्या वयात मानेचे हे वाकणे बरेच कमी होते.

फार लांबच्या सायकल शर्यतींमध्ये याचे टोक दिसते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या 'रेस अक्रॉस अमेरिका'मध्ये काही स्पर्धकांचे मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरताच येत नाही, हनुवटी छातीवर पडते. १९८३ मध्ये मायकेल शेर्मर या स्पर्धकाला हा त्रास झाला आणि तेव्हापासून त्याला 'शेर्मर नेक' म्हणतात. (नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात पूर्ण केलेली शर्यत हीच.) विक्रमी धाव काही मिनिटांचीच असते, त्यामुळे तिथे इतकी वेळ येत नाही. पण सरावाचे तास मोजले तर मानेवरचा भार कमी नसतो.

यावर उपाय तीन. एक, छाती १५-२० अंश उचलायची, म्हणजे मानेला तेवढे कमी वाकावे लागते. यात कवच थोडे उंच होते. दोन, हनुवटीखाली किंवा कपाळाला आधार द्यायचा. हनुवटीच्या आधाराने रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट जबड्याच्या सांध्यात आणि दातांत जातो, म्हणून मला कपाळाचा आधार अधिक पटतो. तीन, मान खाली ठेवून आरसा किंवा कॅमेऱ्यातून पाहायचे. कॅनडाच्या 'ईटा' या सायकलीला खिडकीच नव्हती. २०१६ मध्ये टॉड रायशर्ट कॅमेऱ्याच्या पडद्यावर रस्ता पाहत ताशी १४४.१७ किलोमीटर वेगाने गेला. तोही उताणा होता, पण कल्पना पालथ्यासाठी जास्त उपयोगाची आहे. फक्त पडदा बंद पडला तर काय, याचे उत्तर आधी तयार हवे.

ज्यांना मानेचा स्पाँडिलोसिस आहे त्यांच्यासाठी ही स्थिती वेगळ्या कारणाने वाईट. मान मागे वाकवली की मणक्यांमधून हातांकडे जाणाऱ्या नसांच्या वाटा अरुंद होतात. छत रंगवताना, माळ्यावरचे सामान काढताना किंवा पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुताना हाताला मुंग्या येणाऱ्यांना हा अनुभव असतो. मज्जारज्जूचीच जागा अरुंद असेल, तर मान मागे वाकलेल्या स्थितीतला छोटासा धक्काही हातापायांची ताकद घालवू शकतो. अशा व्यक्तीने पालथी सायकल करून पाहू नये, अगदी हळूसुद्धा.

श्वास: रुग्णालयातील पालथे आणि सायकलीवरचे पालथे

कोविडच्या काळात अनेक कुटुंबांनी आपल्या माणसाला पोटावर झोपवलेले पाहिले आहे आणि ऑक्सिजनचा आकडा वर जाताना पाहिला आहे. त्यामुळे "पालथे झोपले की श्वास चांगला होतो, मग सायकलीवरही होईल" असे वाटणे स्वाभाविक आहे. हे तसे नाही.

फुप्फुसांना गंभीर सूज आली की उताण्या रुग्णात हृदयाचे आणि सुजलेल्या फुप्फुसाचे वजन पाठीकडच्या भागावर पडते आणि तो भाग मिटतो. पालथे केल्यावर तो उघडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरील अतिगंभीर रुग्णांना रोज किमान १६ तास पालथे ठेवले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. निरोगी खेळाडूच्या फुप्फुसात असा मिटलेला भाग नसतोच, मग उघडणार काय? शिवाय तो रुग्ण निश्चल पडलेला असतो आणि श्वास यंत्र देते. खेळाडूला मात्र मिनिटाला १२० ते १५० लिटर हवा स्वतःच्या ताकदीने आत-बाहेर करायची असते. शांत बसलेल्या माणसाला ६ ते ८ लिटर पुरते.

एवढा श्वास घेताना छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल खाली सरकते आणि पोट पुढे येते. पोट फळीवर दाबलेले असेल तर ते येणार कुठे? हे घरीच करून पाहता येते. जमिनीवर पालथे झोपून खोल श्वास घ्या. मग छातीखाली एक आणि कमरेच्या हाडांखाली एक अशा दोन उशा ठेवून, पोट मोकळे लोंबत ठेवून पुन्हा घ्या. फरक लगेच कळतो. (जेवणानंतर लगेच करू नका, आंबट ढेकर येतील.)

मणक्याची शस्त्रक्रिया करतानाही रुग्णाला असेच ठेवतात. छाती आणि कंबर यांना आधार, पोट मोकळे. तिथे याचा आणखी एक फायदा असतो. पोटावर दाब आला की शिरांमधला दाब वाढतो आणि शस्त्रक्रियेच्या जागी रक्तस्राव जास्त होतो. सायकलीचा सांगाडा आखणाऱ्या मुलांनी ऑपरेशन थिएटरमधले ते टेबल एकदा पाहावे. अर्धी आखणी तिथे तयार मिळेल.

गुडघ्यांचाही प्रश्न आहे. पाय पुढे ओढताना मांडी पोटाला भिडली तर श्वास पुन्हा अडतो. जांघेत कमालीचे वाकणे वर्षानुवर्षे चालू राहिले तर काही सायकलपटूंमध्ये पायाकडे जाणाऱ्या मुख्य रोहिणीची भिंत जाड होते आणि जोर लावताना एकाच मांडीत किंवा पोटरीत पेटके येतात. हे क्वचित होते, पण तरुण खेळाडूचे असे दुखणे "स्नायू आखडला" म्हणून महिनोन्महिने दुर्लक्षित राहते.

पायांच्या ताकदीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या सायकलीवर पाय हृदयाच्या खाली असतात, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने स्नायूंकडे रक्त सहज उतरते. आडव्या स्थितीत, उताणे असो वा पालथे, ही मदत नसते. म्हणून साध्या सायकलीवर मिळणारे वॅट आडव्या सायकलीवर पहिल्या दिवशी मिळत नाहीत. शरीराला सवय व्हायला आठवडे लागतात.

खांद्याचा आधार: इथे नसा दबतात

उताण्या सायकलीत पाय पॅडल पुढे ढकलतात आणि पाठ आसनावर टेकते. पालथ्या सायकलीत पाय मागे ढकलतात, म्हणून शरीर पुढे सटकू पाहते. प्रत्येक रेट्याला ३५ ते ४० किलोच्या आसपास जोर असू शकतो, सुरुवातीला त्याहून जास्त. हा जोर अडवायला खांद्यासमोर काहीतरी घट्ट हवेच. ओब्रीचे सॉसपॅन याच कामासाठी होते.

भूलतज्ज्ञांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. काही शस्त्रक्रियांत रुग्णाचे डोके बरेच खाली करावे लागते. तेव्हा तो सरकू नये म्हणून खांद्यांना आधार लावण्याची पद्धत होती. तो आधार मानेच्या जवळ बसला की मानेतून हाताकडे जाणारे नसांचे जाळे, ब्रेकियल प्लेक्सस, कॉलरबोनजवळ दाबले जाते. शुद्धीवर आल्यावर हात बधिर किंवा कमजोर. त्यामुळे आता हे आधार शक्यतो टाळतात, आणि लावलेच तर खांद्याच्या बाहेरच्या हाडाळ टोकावर लावतात. पालथ्या सायकलीलाही हाच नियम लागू आहे: आधार रुंद, गादी जाड, आणि जागा खांद्याच्या टोकाकडे, मानेच्या मुळाशी कधीच नाही.

दुसरी नस कमरेजवळची. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या आतल्या बाजूने मांडीच्या बाहेरच्या त्वचेकडे एक नस जाते. गादी नेमकी तिथे रुतली की मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, जळजळते. या त्रासाला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. घट्ट जीन्स, कमरेचा आवळ पट्टा, गरोदरपण, वाढलेले पोट यांनीही तो होतो आणि बहुतेकदा दाब काढला की काही आठवड्यांत बरा होतो. तिसरी जागा कोपर. कोपराच्या आतल्या खोबणीतली नस दाबली गेली की करंगळी आणि शेजारचे बोट झिणझिणते.

पालथ्या सायकलीचा एक फायदाही नोंदवायला हवा. साध्या सायकलीच्या अरुंद सीटमुळे गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधल्या भागावर जो दाब येतो, तो इथे येत नाही.

बंद कवचातली उष्णता आणि हवा

आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्केच कामात बदलतात. पॅडलवर ३०० वॅट देणारा चालक त्याच वेळी ९०० ते १,२०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. कवचाच्या आत घरातली इस्त्री चालू ठेवावी तसे. घाम येतो, पण दमट कोंडलेल्या हवेत तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. समोरची काच धुरकट होते ती वेगळीच.

हवेचा हिशेबही सोपा आहे. कवचात समजा ३०० लिटर हवा आहे आणि चालक मिनिटाला १२० लिटर श्वास घेतो. म्हणजे अडीच मिनिटांत आतली सगळी हवा एकदा त्याच्या फुप्फुसातून जाऊन आली. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्के. हवा बदलली नाही तर डोके दुखू लागते, धाप वाढते, निर्णय चुकू लागतात, आणि नेमके तेव्हाच वेग सर्वाधिक असतो. गुळगुळीत कवचाला भोक पाडणे वेगवेड्या मुलांच्या जिवावर येते, पण नाकातोंडापाशी ताजी हवा आणणारी नळी आणि शेपटाकडे बाहेर पडण्याची वाट, एवढे तरी हवेच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद कवचाचा सराव करूच नये.

डोके पुढे असण्याचा धोका

बर्फावरच्या घसरगाडीच्या खेळांत 'ल्यूज'मध्ये पाय पुढे असतात, 'स्केलेटन'मध्ये डोके. अपघातात पाय पुढे असले तर पाय मोडतील. डोके पुढे असले तर धक्का माथ्यावरून थेट मानेच्या मणक्यांवर येतो. उन्हाळ्यात विहिरीत किंवा उथळ पाण्यात सूर मारून मान मोडलेले तरुण अस्थिरोग विभागात येतात, त्यांची इजा याच प्रकारची. हेल्मेट कवटी वाचवते, पण या दिशेने आलेला जोर मानेपासून रोखण्याची ताकद त्यात फारशी नसते. म्हणून डोक्याच्या पुढे चुरगळू शकेल असा मोकळा भाग, पट्ट्यांनी बांधलेले शरीर आणि डोक्यावरून जाणारी मजबूत कमान या गोष्टी वजनासाठी कापू नयेत.

आणि हो, मोटरसायकलवर पालथे पडून 'सुपरमॅन' करणारी मुले किंवा उतारावर सायकलच्या दांड्यावर चिकटून झोपणारी मुले याच जोखमीत असतात, तीही कवचाशिवाय आणि वाहत्या रस्त्यावर. उतारावर दांड्यावर बसण्याची ती पद्धत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने एप्रिल २०२१ पासून व्यावसायिक शर्यतींतही बंद केली आहे.

कोणी दूर राहावे, आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

मानेचा स्पाँडिलोसिस किंवा आधीची मानेची इजा असलेल्यांनी ही स्थिती टाळावी. काचबिंदू असलेल्यांनीही, कारण पालथे झोपल्यावर डोळ्यातला दाब वाढतो आणि श्वास रोखून जोर लावला की आणखी वाढतो. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, आम्लपित्ताचा मोठा त्रास असेल तर प्रश्नच नाही. घरात कोणाचा कमी वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, किंवा चालकाला व्यायाम करताना कधी चक्कर आली असेल, छातीत दुखले असेल, तर पूर्ण जोराच्या सरावाआधी हृदयाची तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा.

सरावानंतर हात, करंगळी किंवा मांडी बधिर वाटली आणि तासाभरात पूर्ववत झाली, तर आधाराची गादी बदला आणि पुढच्या वेळी पाहा. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांना दाखवा. हाताची पकड ढिली होणे, चालताना पाय अडखळणे, मान वाकवताच पाठीतून विजेसारखी चमक जाणे, लघवीवरचा ताबा कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धाव संपल्यावर चालकाला एकदम उभे करू नये. आडव्या स्थितीतून उठताच रक्त पायांत साचते आणि भोवळ येते, म्हणून दोन-तीन मिनिटे बसवून मग उठवावे.

अपघाताची तालीम सायकल पहिल्यांदा रस्त्यावर नेण्याआधी करा. अशा कवचात चालक आतून बंद असतो, बऱ्याचदा त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. सायकल उलटली तर एकाने दोन्ही हातांनी त्याचे डोके आणि मान आहे त्या स्थितीत धरून ठेवायची, दुसऱ्याने कवचाचा वरचा भाग काढायचा, तिसऱ्याने १०८ ला फोन करायचा. श्वास चालू असेल आणि आगीचा धोका नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला खांद्याला धरून बाहेर ओढू नका, हेल्मेट उपसू नका आणि "बघू, उठून उभा राहा" असे तर मुळीच सांगू नका.